शिखर लहान केलं, पण मंदिर हरवलं. चांदीत वास्तूचा अर्थ कसा उतरवायचा?

रुपेरी_रेघ

नमस्कार मंडळी,

हा प्रश्न थोडक्यात मांडायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मुद्दा निसटला, म्हणून आता सविस्तरच लिहिते.

१४ वर्षं मी वास्तुविशारदांच्या हाताखाली नकाशे काढले. प्लॅन (वरून दिसणारा आराखडा), सेक्शन (मधून कापल्यावर दिसणारा), एलिव्हेशन (समोरून दिसणारा), पुन्हा प्लॅन. गेली पाच वर्षं चांदीचे दागिने करते, सगळं स्वतःच्या हातांनी. करवत, कानस, छोटी गॅसची बत्ती आणि एक लाकडी पाट एवढाच संसार आहे. पहिल्यापासून ओढ एकाच गोष्टीची होती. ज्या वास्तूंपुढे आपण आपोआप आवाज खाली आणतो, त्यांच्यातलं काहीतरी अंगावर घालता यावं. मंदिर, स्तूप, मशीद, कॅथेड्रल, कुठलंही.

चार महिन्यांपूर्वी खजुराहोचं कंदारिया महादेव मंदिर हाती घेतलं. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, मुख्य शिखराला बिलगून लहान लहान शिखरं वर चढत जातात. त्या उपशिखरांची संख्या ८४ सांगतात. लांबून पाहिलं तर एक डोंगर दुसऱ्या डोंगराच्या पोटातून उगवतोय असं वाटतं. मंदिराची उंची सुमारे ३१ मीटर. मी पेंडंट ठरवलं ३८ मिलिमीटरचं, म्हणजे साधारण ८०० पट लहान. मेणात कोरलं. सुईच्या टोकाने, भिंगाखाली, रोज थोडं थोडं. सात आठवडे गेले. मग साच्यात चांदी ओतली, घासलं, चमकवलं.

प्रमाणं बरोबर आली. बाह्यरेषा बरोबर आली. आणि हातात घेतल्यावर काहीच झालं नाही.

माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीला दाखवलं. तिने प्रेमाने पाहिलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "छान आहे गं, सहलीहून आणतात ना, तसलं वाटतंय." तिला दुखवायचं नव्हतं, मी तिला नीट ओळखते. पण ती खरं बोलली. ते पेंडंट म्हणजे मंदिराची खूण आहे, "मी तिथे जाऊन आले" एवढंच ते सांगतं. मंदिरात शिरताना जे होतं, उन्हातून मंडपात, मंडपातून अंतराळात (मंडप आणि गर्भगृह यांमधली अरुंद जागा), तिथून गर्भगृहाच्या काळोखात, आणि प्रत्येक पायरीवर डोळ्यांना थोडं कमी दिसू लागतं, त्यातलं काहीच त्यात नाही. बाहेरून पाहिलेला डोंगर तेवढा आहे.

शिवाय तांत्रिक अडचणी. एक, वजन. चारी बाजूंनी भरीव असल्यामुळे ४१ ग्रॅम भरलं, साखळी मानेला काचते. दोन, बफवर (चमकवायच्या फिरत्या चाकावर) धरल्यानंतर उपशिखरांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या. मूर्ती तर गेल्याच. मंदिरावर साधारण मीटरभर उंचीच्या मूर्ती आहेत, माझ्या मापात त्या जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या. तेवढ्यात चेहरा कुठून आणायचा?

तर प्रश्न असा. पवित्र वास्तूचा अर्थ दागिन्यात आणायचा असेल तर त्या वास्तूतलं नेमकं काय उचलायचं आणि काय सोडून द्यायचं? की हा हट्टच चुकीचा आहे? ज्यांनी असलं काम केलंय, ज्यांचा वास्तूंचा अभ्यास आहे, किंवा जे असं काही रोज अंगावर घालतात, सगळ्यांचं ऐकायचंय. फोटो जोडलाय. मोकळेपणाने बोला.

---

जुनी_ऐरण

ताई, फोटो मोठा करून पाहिला. मेणातलं काम उत्तम असणार, हात दिसतोय. चूक हाताची नाही.

दगड आणि चांदी या दोन वेगळ्या स्वभावांच्या वस्तू आहेत. दगडातून काढून टाकायचं असतं, जे उरतं ती मूर्ती. आमच्या कामात पत्रा वाकवायचा, तार ओढायची, रवा (चांदीचा बारीक गोल दाणा) बसवायचा, एकाला दुसरं जोडायचं. तुम्ही दगडाची नक्कल मेणात केली आणि मेणाची चांदीत. दोनदा उसनं घेतलेलं रूप आहे ते. चांदीला स्वतःचं काही बोलायला मिळालंच नाही.

आता वजन. प्रत्येक बाजू निम्मी केली तर वजन निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतो. उलटं मोठं करतानाही तसंच. म्हणून भरीव वस्तू थोडी वाढवली की एकदम जड होते. उपाय जुनाच आहे, पोकळ करा. अर्धा मिलिमीटरचा पत्रा पुरतो. तुम्हीच गर्भगृहाबद्दल लिहिलंय, आणि पेंडंट मात्र गच्च भरलेलं! आत जागाच नसेल तर गर्भगृह कुठे असणार?

पण पोकळ काम करताना एक गोष्ट विसरायची नाही. चारी बाजूंनी बंद केलेली वस्तू कधीही तापवू नका. आतली हवा फुगते, पाण्याचा थेंब राहिला असेल तर वाफ होते आणि वस्तू फुटते. माझ्या उमेदवारीच्या काळात एक पोकळ मणी माझ्यासमोर फुटला. तुकडा भुवईवर लागला, खूण अजून आहे. पोकळ वस्तूला भोक ठेवायचंच. सोल्डर करताना वाफेला वाट म्हणून, आणि नंतर आत शिरलेलं आम्लाचं पाणी धुऊन काढायला म्हणून. बहुतेक कारागीर ते भोक मागे लपवतात.

कडा का विरघळल्या तेही सांगतो. बफ उंच भागच खातो, आणि लहान कामात सगळंच उंच असतं. अशा कामाला आरशासारखी चमक देऊ नका. लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या रसायनाच्या कोमट पाण्यात काळं करा, मग बारीक पावडरीने बोटानेच उंच भाग उजळवा. खोलगट जागा काळ्या राहतात. दगडावर सावली ऊन पाडतं. चांदीवर ती आपल्याला ठेवावी लागते.

---

गवाक्ष

माझा अभ्यास मंदिरवास्तूचा, दागिन्यांचा नाही. पण हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी एक दुरुस्ती, रागावू नका. फोटोत आमलक, म्हणजे शिखराच्या माथ्यावरची चकती, थेट शिखराच्या खांद्यावर टेकलाय. मूळ मंदिरात खांदा आणि आमलक यांच्यामध्ये एक आखूड, आत घेतलेला भाग असतो, त्याला ग्रीवा म्हणतात. तो खालून नीट दिसत नाही, सावलीत असतो. पण त्याच्यामुळेच ती आवळ्यासारखी फाका असलेली भलीमोठी चकती हवेत उचलल्यासारखी वाटते. ग्रीवा गाळली की आमलक झाकणासारखा दिसू लागतो. तुमचं पेंडंट मुकं वाटण्यामागे हेही एक कारण असेल.

आता मोठा मुद्दा. तुम्ही म्हणता लहान केल्यामुळे मंदिर हरवलं. मला उलट वाटतं. कंदारियाचं शिखर हे स्वतःच लहान शिखरांचं बनलेलं आहे. म्हणजे त्या स्थपतींनी लघुरूप हीच भाषा वापरली. एक रूप, त्याच्यातून चारी दिशांना बाहेर येणारं तेच रूप, आणि त्याच्यातून पुन्हा तेच. हा नियम उचला. ८४ आकडा त्यांच्याकडेच राहू द्या. नियम खरा असेल तर नऊ शिखरांतही तो कळतो.

आणि वास्तूचा दागिना करणं ही काही बाहेरून लादलेली कल्पना नाही, वास्तू स्वतः ते करत आलीय. माझं टोपणनाव ज्यावरून घेतलंय त्या गवाक्षाचंच पाहा. तो घोड्याच्या नालेसारखा कमानीचा आकार मुळात वाकवलेल्या लाकडांच्या छपराचा होता. मग तो दगडात उतरला. बिहारमधल्या बराबर टेकड्यांतल्या लोमस ऋषी गुंफेच्या दारावर तो ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला आहे, आणि लाकडी वाशांची टोकंसुद्धा दगडात कोरलीत, जिथे वाशांची काहीच गरज नव्हती. कार्ल्याच्या चैत्यात तर दगडी छताखाली खरे लाकडी वासे आजही आहेत. पुढे तो आकार लहान होत गेला, शिखरांवर त्याची जाळी विणली गेली, आणि शेवटी त्याची नुसती वेलांटी उरली. छपराचा दागिना व्हायला हजारभर वर्षं लागली. तुम्ही त्याच वाटेवर पुढची पायरी चढताय.

सोन्यातलंही एक उदाहरण आहे. अफगाणिस्तानात जलालाबादजवळ बीमरान इथल्या स्तूपात १८३० च्या दशकात चार्ल्स मॅसन या इंग्रज शोधकाला एक सोन्याची डबी मिळाली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. उंची जेमतेम सात सेंटीमीटरच्या आसपास. तिच्याभोवती कमानींची ओळ आहे, प्रत्येक कमानीत एक आकृती, दोन आकृत्या बुद्धाच्या, आणि वरखाली माणकांसारखे लाल गार्नेट. कमान आली की आपोआप "आत कोणीतरी आहे" असं वाटतं, मग ती कमान बोटभर का असेना.

जावा बेटावरच्या बोरोबुदूर या बौद्ध स्मारकाचंही आठवलं. वरच्या तीन गोलाकार स्तरांवर ३२, २४ आणि १६ असे ७२ जाळीदार स्तूप आहेत. आत बुद्ध बसलेला. खालच्या दोन स्तरांवर जाळीची भोकं शंकरपाळ्याच्या आकाराची, सर्वांत वरच्या स्तरावर चौकोनी. बुद्ध पूर्ण दिसत नाही. आपण वाकतो, डोळा लावतो, मग थोडा दिसतो. तुमच्या तारकामाला यातून खूप घेता येईल, बारीक कोरीवकाम न करताही.

एक शेवटचं. शिखराचा भूमिज प्रकार पाहा, अंबरनाथचं शिवमंदिर (इ. स. १०६०) किंवा मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर. तिथे लहान शिखरं उभ्या ओळींत एकावर एक रचलेली असतात, अगदी माळेत ओवलेल्या मण्यांसारखी. सोनाराला ते शिखर कंदारियापेक्षा जवळचं वाटेल, अशी माझी समजूत आहे.

---

रुपेरी_रेघ

काका, गवाक्षताई, तुमचे प्रतिसाद काल रात्री तीनदा वाचले. ग्रीवेची चूक वाचून कानकोंडी झाले. चौदा वर्षं सेक्शन काढलेत मी, आणि हा भाग एलिव्हेशनवरून उचलला म्हणून सावलीतला तुकडा गाळला गेला. सेक्शन आधी काढलं असतं तर हे झालं नसतं.

काका, "बहुतेक कारागीर ते भोक मागे लपवतात" या तुमच्या वाक्यापाशी मी अडकले आहे. ते भोक समोर आणलं तर? ते दारच केलं तर? वाफ बाहेर पडायला जी जागा ठेवावीच लागते, तीच गर्भगृहाची चौकट. रोममधल्या पँथिऑनचा घुमट आठवला. ४३ मीटर व्यासाचा, माथ्यावर उघडा. अख्ख्या इमारतीत उजेड यायला ते गोल भोक आणि समोरचं दार, एवढेच रस्ते. तिथे भोक लपवावंसं कुणालाही वाटलं नाही, सगळी इमारत त्याच्याभोवती उभी आहे.

कागदावर रेघा मारायला घेतल्यात. अजून कुणाला काही सुचत असेल तर सांगा.

---

फिरती_वाट

मी कारागीर नाही, अभ्यासकही नाही. मी फक्त घालते.

फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये जमिनीवर तेराव्या शतकातला चक्रव्यूह आहे, जवळपास १३ मीटर व्यासाचा, ११ फेऱ्यांचा. त्याची वाट कोरलेली एक चांदीची चकती माझ्या गळ्यात गेली नऊ वर्षं आहे. आपण चक्रव्यूह म्हणतो, पण त्यात चुकायला जागा नाही. वाट एकच. ती मध्याच्या अगदी जवळ नेते आणि पुन्हा पार कडेला फेकते, मग परत आत आणते. आई आजारी होती त्या दोन महिन्यांत मी त्या खाचेतून नखाने किती फेऱ्या मारल्या असतील याची मोजदाद नाही. डोळे मिटून. बोटाला कळायचं आपण कुठे आहोत. आता ती खाच मध्याजवळ गुळगुळीत झालीय, कडेला अजून धारदार आहे.

हे सांगायचं कारण असं की तुम्ही सगळे दागिना कसा दिसतो यावर बोलताय. घालणाऱ्याला तो फारसा दिसतच नाही. तो लागतो. वजन, गारवा, कडा, आवाज. माझ्यासाठी शार्त्र म्हणजे बोटाखालची एक खाच आहे.

आणि दिसतो तेव्हा कसा दिसतो तेही तपासून बघा. गळ्यातलं पेंडंट खालून उचलून स्वतः पाहिलं तर ते उलटं दिसतं. साखळीची बाजू आपल्याकडे, खालचं टोक समोर. म्हणजे तुमचं शिखर समोरच्याला सरळ आणि घालणारीला कायम उलटं. माझ्या चकतीला वर-खाली नाही, कुठूनही धरली तरी चक्रव्यूह तोच. तुम्ही नकाशे काढायचात ना? मग घालणारीसाठी प्लॅन आणि समोरच्यासाठी एलिव्हेशन, असं करता येणार नाही का?

---

पायरी

थोडं वेगळं मत मांडतो, ताईंना नाउमेद करायचा हेतू नाही.

मला गर्भगृह अंगावर मिरवायला विकलं जावं हे पटत नाही. मंदिर आपण जिथे जातो ती जागा आहे. जायला चालावं लागतं, वाकावं लागतं, थांबावं लागतं. ते खिशात किंवा गळ्यात आलं की यातलं काहीच उरत नाही. मूर्ती तर करूच नये असं माझं म्हणणं. आणि पैंजण, जोडवी यांत कळस किंवा शिखर आलेलं मी पाहिलंय, ते डोळ्यांना खुपतं. तुम्ही विचार करूनच करताय हे दिसतं, म्हणून लिहिलं.

---

गवाक्ष

पायरीदादा, तुमची हरकत खरी आहे आणि तिचा विचार व्हायलाच हवा. पण एक उदाहरण मला सतत आठवतं.

जर्मनीतल्या एअरफुर्ट शहरात १९९८ मध्ये एक ठेवा सापडला. १३४९ च्या सुमारास तिथल्या ज्यूंची कत्तल झाली, त्या वेळी कुणीतरी पुरून ठेवलेला. त्यात सोन्याची एक विवाहाची अंगठी आहे. अंगठीवर एक चिमुकली इमारत, गॉथिक धाटणीच्या कमानी आणि उतरतं टोकदार छप्पर. ती इमारत म्हणजे नव्या जोडप्याचं घर आणि जेरुसलेमचं मंदिर, दोन्ही एकदम. ते मंदिर तर इ. स. ७० मध्येच पाडलं गेलं होतं. ज्यांना चालत जायला मंदिर उरलंच नव्हतं, त्यांनी ते बोटावर बांधलं. आणि त्या इमारतीच्या आत सोन्याची एक बारीक गोळी आहे, हात हलला की किणकिणते.

तिथे मूर्ती नाही. आत कोण आहे ते दाखवलेलं नाही. नुसता आवाज.

उलटा प्रवासही झालाय. पॅरिसचं सेंट-शापेल, १२४८ मध्ये पूर्ण झालेलं, काट्यांच्या मुकुटाचा अवशेष ठेवायला बांधलं. सोनारांनी केलेल्या रत्नजडित पेटीत माणसं शिरू शकली असती तर जसं वाटलं असतं, तशी ती इमारत आहे. भिंती जवळजवळ नाहीतच, काचाच. म्हणजे दागिन्याकडून वास्तूनेही घेतलंय.

---

रुपेरी_रेघ

दीड महिन्याने परत आलेय. मधे कामात होते, धाग्यावर न लिहिल्याबद्दल क्षमस्व. नवी वस्तू पूर्ण झाली, फोटो खाली आहेत. कशी झाली ते क्रमाने सांगते, कारण यातलं प्रत्येक पाऊल इथल्याच कुणाचं तरी आहे.

फिरती_वाट, तुमचा प्रतिसाद वाचून मी पहिलं पेंडंट गळ्यात घालून स्वतःकडे पाहिलं. इतकी वर्षं दागिने करतेय, पण घालणारीच्या डोळ्यांनी वरून खाली पाहण्याचं माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. म्हणून या वेळी प्लॅनपासून सुरुवात केली. ताऱ्यासारखा तळ असलेल्या मंदिरांचा आराखडा मुळात सोपा असतो, एक चौरस मध्याभोवती फिरवत जायचा. चार सारखे चौरस, प्रत्येक आधीच्यापेक्षा साडेबावीस अंशांनी फिरवलेला, की १६ टोकांचा तारा तयार. कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या केशव मंदिराची गर्भगृहं अशीच १६ टोकांची आहेत. मी चौकोनी तारेचे १८ मिलिमीटरचे चार चौरस वाकवले, एकमेकांवर ठेवून जोडले. हा झाला तळ. पेंडंट उलटं धरलं तरी तारा तोच राहतो. घालणारी जेव्हा टोक उचलून पाहील तेव्हा तिला हाच दिसेल, आणि बोटाला १६ टोकं लागतील. ती टोकं मी मुद्दाम पूर्ण गोल केली नाहीत.

त्या तळावर पत्र्याचे नऊ तारे, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा लहान, मधून कापून काढलेले. रचत गेले तसतशी आत आपोआप पोकळी तयार होत गेली. बाहेरून पायऱ्या, आतून विहीर. टोकांच्या ओळींवर चार बाजूंना रव्यांच्या माळा बसवल्या, गवाक्षताईंच्या भूमिज शिखरासारख्या. रवे करताना जो आनंद होतो तो या सगळ्या कामात दुसऱ्या कशातच नाही. तारेचे सारखे तुकडे कोळशाच्या भुकटीत पेरायचे, तापवायचं, आणि प्रत्येक तुकडा स्वतःहून गोल होतो. चांदी वितळली की तिलाच गोल व्हायचं असतं, आपण फक्त अडवायचं नाही. काका, चांदीला बोलू द्या म्हणालात ना, तेव्हा मला हेच आठवलं. ६४ रवे झाले. मंदिराचा प्लॅन ज्यावर आखतात त्या ६४ पदांच्या (चौकोनांच्या) मंडलाशी आकडा जुळला. ठरवून नाही केलं, मोजल्यावर कळलं.

ग्रीवा या वेळी आहे. इतकंच नाही, ती आरपार मोकळी ठेवलीय आणि साखळी तिच्यातूनच जाते. वेगळी कडी लावलीच नाही. वर फाका पाडलेला आमलक, खाली शेवटचा तारा, मधल्या त्या अरुंद जागेतून साखळी. म्हणजे मंदिराची मान आणि घालणारीची मान एकाच साखळीने जोडलेल्या. कागदावर हे जमलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि दार. दोन मिलिमीटर रुंद, चार उंच, समोर. तेच वाफेचं भोक. बंद करायच्या आधी आत सोन्याचा एक मणी ठेवला, तीन मिलिमीटरचा, पाव ग्रॅमचा. दारातून बाहेर येणार नाही एवढा मोठा. भीती ही होती की शेवटच्या जोडाच्या वेळी तो आतल्या भिंतीला चिकटेल. त्यासाठी काकांना निरोप पाठवून विचारलं. त्यांनी मण्याला पाण्यात कालवलेला गेरू लावायला सांगितलं, गेरू असेल तिथे सोल्डर धावत नाही. लावला, जोड दिला, थंड होऊ दिलं आणि कानाशी धरून हलवलं. किणकिणलं. तिथे एकटी बसून मी रडले.

मग काळं करायचं पाणी. पूर्ण वस्तू बुडवली, आतून बाहेरून चांदी काळी झाली. सोन्यावर मात्र त्या पाण्याचा परिणाम होत नाही. बाहेरच्या पायऱ्या बोटाने उजळवल्या, आतलं तसंच ठेवलं. आता दारातून पाहिलं तर आधी काहीच दिसत नाही. खिडकीकडे तोंड करून, पेंडंट जरा तिरकं धरून, थोडा वेळ पाहत राहावं लागतं. मग काळोखात एक पिवळा ठिपका हलतो.

पायरीदादा, तुमच्या हरकतीवर मी सर्वांत जास्त दिवस घालवले. आत मूर्ती नाही, कुठल्याही एका देवळाची प्रतिकृतीही नाही. पायात घालायच्या कुठल्याच दागिन्यात हे रूप करणार नाही, हे ठरवून टाकलंय. आणि थांबावं लागतं हे तुमचं म्हणणं मनात होतं, म्हणूनच मणी सहज दिसेल असं दार मोठं केलं नाही. एकदा केलं होतं, याहून रुंद. सगळं लगेच दिसायचं. ते मोडून पुन्हा वितळवलं.

वजन १२ ग्रॅम. मैत्रिणीला दाखवलं. या वेळी ती काही बोलली नाही, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

---

पायरी

फोटो पाहिले. दार लहान ठेवलंत ते बरं केलंत. माझ्या बायकोला हे सगळं वाचून दाखवलं. ती विचारते आहे, मण्याचा आवाज चालताना येतो का?

---

रुपेरी_रेघ

दादा, चालताना नाही येत, अंगाला टेकलेलं असतं तेव्हा मणी तळाशी स्वस्थ बसतो. वाकलं की येतो.

---

जुनी_ऐरण

ताई, काम चांगलं झालंय. ग्रीवेतून साखळी नेलीत ते मला सुचलं नसतं.

दोन गोष्टी बघा. साखळी रोज ग्रीवेच्या कडांवर घासणार, वर्षा-दोन वर्षांत तिथे खाच पडेल. आत चांदीचीच एक आखूड नळी बसवा, झिजली तर नळी बदलता येईल, मान शाबूत राहील. आणि दाराच्या कडा आतून कानशीने मारल्यात का? फोटोत डावी बाजू धारदार दिसतेय. पदराचा धागा अडकेल.

---

रुपेरी_रेघ

डावी बाजू राहिलीच होती काका. आत्ता मारते. नळी उद्या.